कॉन्टेसा, इसुझू आणि आमचा हट्ट

शनिवारी बाबांची १९८७ ची कॉन्टेसा घेऊन डांगे चौकाजवळच्या गॅरेजात गेलो. गाडी बघायला अगदी अमेरिकन मसल कार, पण बॉनेटखाली अँबॅसेडरचंच १४८९ सीसीचं इंजिन. जेमतेम ५० बीएचपी! खंडाळ्याच्या घाटात मागचे ट्रकवालेपण हॉर्न मारतात राव.

मेकॅनिक म्हणाला, "साहेब, मोठं डिझेल इंजिन बसवून देतो. दोन दिवसांचं काम."

मोह झाला, खोटं कशाला बोलू? शिवाय हिंदुस्थान मोटर्सनेही पुढे याच गाडीत इसुझूचं १८१७ सीसी, ८८ बीएचपीचं इंजिन टाकलं होतंच की. पण त्यांनी सोबत पाच गिअरचा बॉक्सही दिला, आणि ते मॉडेल रीतसर पास झालेलं होतं. आपलं काय? ब्रेक जुनेच, पुढचा भार वाढलेला, आरसीवर इंजिन नंबर वेगळा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ अशा परस्पर बदलांना मनाई करतं. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं तेच विचारणार.

टेस्टिंग न करता आपण प्रॉडक्शनला कोड टाकतो का? (टाकतो, पण तिथे कुणी मरत नाही.) ही गाडी अजून बाबा चालवतात. त्यांच्या पायाला ५० बीएचपीचीच सवय आहे.

असो. ब्रेक नवे केले, कार्बोरेटर साफ करून घेतला. घाटात हॉर्न मारणाऱ्याला साइड देऊ.