घर चाकांवर, मुक्काम कुठे?

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. चाकांवरच्या घरांबरोबरच ती उभी करण्याच्या तळांचाही विचार त्यात आहे. खरी मेख तिथेच आहे.

मुंबई-आग्रा महामार्गावर, धुळ्याच्या उत्तरेला सोनगीर लागते. किल्ला आहे, तांब्या-पितळेच्या भांड्यांची जुनी कारागिरी आहे. मोटारीमागे नवे घर जोडून पहिल्याच लांबच्या सहलीला निघालेल्या कुटुंबाने इथे जरूर थांबावे. पण रात्रीचे काय? पाणी, वीज, सांडपाण्याची सोय आणि बायकामुलांना निर्धास्त झोप हवीच.

चाकांवरचा संसार आपल्याला नवा नाही. गाडीलोहारांनी तो पिढ्यान्‌पिढ्या बैलगाडीत केला. त्यांनाही जागेचाच प्रश्न छळत आला. तेव्हा आधी गावोगावी मुक्कामाची तजवीज व्हावी. मग चार पैसे सोनगीरच्या कारागिराच्याही हाती पडतील.