चोर आणि पहारेकरी

मागल्या पावसाळ्यांत पंचवटींतील आमच्या वाड्यांत चोरी झाली. पहारेकरी ठीक एक वाजतां पुढल्या दारीं व दोन वाजतां मागल्या दारीं येई. हें वेळापत्रक आम्हींच आखून दिलें होतें. शाळामास्तराची खोड, दुसरें काय! चोरानें तें पाठ केलें.

पुढें एका माजी विद्यार्थ्यानें आम्हांस डॉ. मिलिंद तांबे यांच्या कार्याविषयीं सांगितलें. अनेक बुद्धिमान् यंत्रें परस्परांचा अंदाज घेऊन कशीं वागतील, हा त्यांचा विषय. त्यांच्या मंडळींची संगणकयोजना २००७ सालीं लॉस एंजेलिसच्या विमानतळावर सुरू झाली. तपासणीचे नाके कोठें व कुत्र्यांची गस्त कधीं, हें ती अनियमितपणें ठरवी. मूळ विचार स्टॅकेलबर्ग या जर्मन अर्थशास्त्रज्ञाचा, १९३४ सालचा, व्यापारी स्पर्धेविषयींचा: एक पक्ष आधीं आपली नीति ठरवितो, दुसरा ती पाहून चाल करितो.

पुढलें दार उघडें सांपडल्यास ३०० रुपये जातील, मागलें सांपडल्यास १००, असें धरूं. पहारेकरी कायम पुढेंच बसविला, तर १०० गेलेच. त्याऐवजीं चारांतील तीन वांटे पुढें व एक वांटा मागें द्यावा, आणि आजचें दार दैवावर सोंपवावें. मग चोर कोठूनही येवो, सरासरीनें ७५ च जातात. हें प्रमाण त्यास कळलें तरी बिघडत नाहीं. आजचा कौल मात्र कळतां कामा नये!

अर्थात् चोर विचारी आहे, हें येथें गृहीत आहे. दारू प्यालेला चोर या अनुमानांत बसत नाहीं. माणसाच्या अशा अपुऱ्या विवेकाचा हिशेबही तांबे यांनीं पुढें मांडला आहे.

हल्लीं आमचा पहारेकरी रोज रात्रीं दोन नाणीं उडवितो. दोन्ही छापे पडले, कीं मागलें दार.