विमान कुणाच्या मालकीचे?



विमान म्हटले की अजूनही आपल्या मनात मोठ्या खर्चाची बाब असे येते. मुलगा परदेशी शिकायला निघाला तर सगळे घर विमानतळावर पोचवायला जाते. परंतु जगात असाही एक मुलूख आहे, जेथे दूध-अंडी विमानाने येतात, शाळेचे मास्तर विमानाने येतात, दिवस भरत आलेली लेक विमानाने जाते आणि आजारी म्हातारा विमानानेच इस्पितळात पोचतो. तेथे विमान म्हणजे एस.टी., मालगाडी आणि रुग्णवाहिका ही तिन्ही एकातच. हा मुलूख कॅनडाच्या उत्तरेचा. त्याच्या विमानसेवेचा हिशेब आज आपल्यापुढे मांडावा असे आम्ही ठरविले आहे, कारण तो मुळात मालकीचा हिशेब आहे.

कॅनडा हा क्षेत्रफळाने रशियाच्या खालोखाल जगातला दुसरा देश. लोकसंख्या मात्र सुमारे चार कोटी, आणि त्यातली बहुतेक दक्षिणेला, अमेरिकेच्या सरहद्दीजवळ. उत्तरेला १ एप्रिल १९९९ रोजी नुनावुत हा नवा प्रदेश स्थापन झाला. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २० लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या सहापटींहून अधिक; आणि माणसे सुमारे ४० हजार, आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी! एकूण वस्त्या २५. एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीला जाणारा रस्ता नाही, रेल्वे नाही. समुद्र वर्षातला बराच काळ गोठलेला, त्यामुळे जहाजे येतात ती फक्त उन्हाळ्याच्या काही महिन्यांत. क्वेबेक प्रांताच्या उत्तर टोकाला नुनाविक हा भाग आहे. तेथील १४ गावांची स्थितीही अशीच.

येथे राहणारे बहुतेक लोक इन्युइट आहेत. बाहेरच्यांनी त्यांना 'एस्किमो' हे नाव दिले होते. ते टाकून त्यांनी स्वतःचे नाव पुढे आणले. त्यांच्या भाषेत 'इन्युइट' याचा अर्थ 'माणसे' असा आहे. इतरांनी चिकटविलेले नाव टाकून देणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना सांगावयास नको.

आता विमानाचे भाडे तेथे एवढे महाग का, ते पाहू. आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे. खर्चाची बाजू आधी पाहण्याची सवय. नुनावुतमध्ये इकालुइत आणि रँकिन इनलेट ही दोन ठिकाणे सोडली तर धावपट्ट्या खडीच्या आहेत. अशा आखूड पट्टीवर कॅनडातच तयार झालेले ट्विन ऑटर हे एकोणीस आसनांचे लहान विमान उतरते. चाकांऐवजी त्याला बर्फावर घसरपट्ट्या लावता येतात. मोठ्यांपैकी बोइंग ७३७-२०० हे जुने जेट बरीच वर्षे या कामी आले. पुढच्या चाकामुळे उडालेली खडी विमानाला लागू नये म्हणून तेथे खास पत्रा बसवीत. कित्येक विमानांत मध्ये सरकती भिंत असते. पुढे माल आणि मागे माणसे. माल जास्त असला की भिंत मागे सरकते आणि आसने कमी होतात. विमानाचे इंधनसुद्धा बहुतेक ठिकाणी उन्हाळ्यात जहाजाने आणून वर्षभरासाठी साठवावे लागते. त्यात धुके आणि हिमवादळ. विमान दोन-दोन दिवस आले नाही तर नवल नाही.

दक्षिणेकडची गोष्ट वेगळी आहे. १९३७ साली कॅनडा सरकारने स्वतःची विमान कंपनी काढली. तीच १९६५ पासून एअर कॅनडा म्हणून ओळखली जाते. १९८७ च्या कायद्याने विमान व्यवसायावरील बंधने उठविण्यात आली आणि १९८८-८९ मध्ये एअर कॅनडा खाजगी भागधारकांच्या हाती गेली. स्पर्धा वाढेल, भाडे उतरेल, हा त्यामागचा विचार. तथापि एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या कायद्याने उत्तरेचा भाग वेगळा काढून तेथे काही बंधने कायम ठेवली होती. ती १९९६ च्या कायद्याने गेली. पण बाजार मोकळा केला म्हणून गिऱ्हाईक वाढत नाही. चाळीस हजार माणसांच्या मुलखात दोन कंपन्यांची विमाने अर्धी रिकामी उडाली, तर दोन्हींच्या रिकाम्या आसनांचा खर्च अखेर बसलेल्या प्रवाशाच्याच तिकिटावर पडतो.

मग इन्युइट लोकांनी काय केले? १९७१ साली क्वेबेक सरकारने जेम्स उपसागराच्या भागात जलविद्युत प्रकल्प जाहीर केला. तेथे पिढ्यान् पिढ्या शिकार करून राहणाऱ्या क्री आणि इन्युइट लोकांना कुणी विचारले नव्हते. ते कोर्टात गेले. १९७३ मध्ये न्यायालयाने काम थांबविण्याचा हुकूम दिला. तो आठवडाभरातच वरच्या कोर्टात फिरला, पण सरकारला बोलणी करणे भाग पडले. ११ नोव्हेंबर १९७५ रोजी करार झाला आणि दोन्ही समाजांना मिळून साडेबावीस कोटी डॉलर भरपाई ठरली. करार सर्वांना मान्य होता असे नाही. पुविर्निटुक आणि इवुजिविक या गावांनी जमिनीवरचा हक्क सोडण्यास विरोध केला.

प्रकल्पग्रस्त हा शब्द आपल्याकडे नवा नाही, आणि भरपाईचा पैसा हातात आला की त्याचे काय होते हेही आपण पाहिले आहे. इन्युइटांनी आपल्या वाट्याची रक्कम सांभाळण्यासाठी १९७८ साली माकिविक ही संस्था उभी केली, आणि त्याच वर्षी एअर इन्युइट ही विमान कंपनी सुरू झाली. १९९० साली माकिविकने फर्स्ट एअर ही जुनी कंपनी विकत घेतली. पश्चिमेकडे इनुवियालुइत या इन्युइट समाजाने १९८४ साली करार केला. १९९८ मध्ये त्यांच्या आणि नुनावुतच्या नुनासी या संस्थेच्या भागीदारीतील कंपनीने कॅनेडियन नॉर्थ घेतली. ज्यांना कुणी विचारले नव्हते, ते विमानांचे मालक झाले.

येथवरची गोष्ट अभिमानाची आहे. आता खात्याची दुसरी बाजू. मालक झाला म्हणून माणूस प्रवासी राहत नाही असे नाही. मालक म्हणून संस्थेला नफा हवा, कारण तो समाजाच्या कामी यायचा. प्रवासी म्हणून त्याच समाजाला स्वस्त तिकीट हवे. इन्युइट प्रवाशांसाठी सवलतीचे भाडे ठेवले गेले, तरी हा पेच सुटला नाही. २०१८ मध्ये फर्स्ट एअर आणि कॅनेडियन नॉर्थ एकत्र करण्याचे ठरले. दोन्ही इन्युइट संस्थांच्याच मालकीच्या, तरीही स्पर्धा आयुक्तांनी इशारा दिला की यामुळे स्पर्धा फार कमी होईल. सरकारने जून २०१९ मध्ये भाडेवाढ आणि फेऱ्यांबाबत अटी घालून परवानगी दिली. २०२३ मध्ये त्या अटी सैल करण्यात आल्या. आणि २०२५ साली कॅनेडियन नॉर्थ विनिपेगच्या एक्स्चेंज इन्कम कॉर्पोरेशन या कंपनीने साडेवीस कोटी डॉलरना विकत घेतली. एअर इन्युइट मात्र माकिविककडेच आहे.

या साऱ्याचा भार स्वयंपाकघरावर कसा पडतो, हे आमच्या भगिनींनी जरूर पाहावे. ताजे अन्न विमानाने येते म्हणून २०११ पासून सरकार दुकानदारांना अनुदान देते, म्हणजे ते माल स्वस्त विकतील. २०१४ मध्ये महालेखापरीक्षकांनी दाखवून दिले की हे अनुदान पूर्णपणे गिऱ्हाइकापर्यंत पोचते की नाही, हे खात्याने तपासलेलेच नाही! बाळंतपणाची सोय बहुतेक वस्त्यांत नसल्याने तेथील बाई काही आठवडे आधीच इकालुइत, विनिपेग किंवा यलोनाइफला जाते. घरची मुले मागे राहतात आणि ती परक्या गावात दिवस मोजते. विमान कुणाचेही असो, तिला ते वेळेवर हवे असते.

आमच्या मते यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक, भरपाईचा पैसा खर्चून न टाकता त्यातून सामाईक मालमत्ता उभी राहू शकते. दुसरी, मालकी ही सुरुवात आहे. जेथे दुसरा रस्ताच नाही, तेथे भाडे कसे ठरले, अनुदान कुठे गेले, संस्था विकायची तर कुणाला विचारून, या प्रश्नांची उत्तरे सामान्य सभासदाला मिळाली पाहिजेत. आपल्या पतपेढ्या, गृहनिर्माण संस्था, शिक्षण संस्था यांना हाच नियम लागू आहे. दारावरची पाटी आपली आहे म्हणून निर्धास्त राहू नका. यंदाच्या वार्षिक सभेला नुसते चहापाण्यापुरते न बसता ताळेबंद हातात मागून घ्या आणि त्यातली प्रत्येक रक्कम विचारा.