बियाण्याचं लेबल वाचता, मग शूटिंगचा कागद का नाही?

खताचं-फवारणीचं सोडून हा माणूस आज लग्नाच्या शूटिंगवर कुठं घसरला, असं तुम्हाला वाटेल. पण तुळशीची लग्नं उरकली की गावोगाव सुपाऱ्या फुटतात, आणि सोयाबीनचा पैसा घरात येतो न येतो तोच मांडवाच्या दारातून बाहेर पडतो. त्यातला हा एक खर्च असा, की करताना आपण एक प्रश्न विचारत नाही.

बियाण्याची पिशवी घेताना तुम्ही टॅगचा रंग बघता, प्रमाणित बियाण्याचा निळा असतो हे तुम्हाला पाठ आहे. लॉट नंबर बघता, पक्की पावती घेता. औषधाच्या डब्यावरचा त्रिकोण लाल की हिरवा हेही बघता. मग शूटिंगवाल्यानं 'कँडिड, सिनेमॅटिक, टीझर, फोर के, ड्रोन' असा कागद पुढं ठेवला की नजर थेट खालच्या आकड्यावर का जाते? परवा एका शेतकऱ्यानं मला असाच कागद दाखवला. आकडा 45,000. 2025-26 च्या हंगामाचा सोयाबीनचा हमीभाव 5,328 रुपये क्विंटल. म्हणजे जवळपास साडेआठ क्विंटल माल झाला. एवढा माल काटा न बघता तुम्ही कुणा व्यापाऱ्याला दिला आहे का?

दुसऱ्याला काय सांगायचं, मी स्वतः दिला आहे. 2019 साली धाकट्या बहिणीचं लग्न झालं. घरात कृषी पदविका घेतलेला मी एकटा, म्हणून बोलणी माझ्याकडं. कागदावर लिहिलं होतं 'सिनेमॅटिक व्हिडिओ'. मला वाटलं, सिनेमासारखं म्हणजे चांगलंच असणार, दिला अ‍ॅडव्हान्स. हळदीच्या दिवशी आमच्या आजीनं जात्यापाशी बसून अर्धा तास ओव्या म्हटल्या, माहेरच्या, आजोबांच्या, बहिणीला सांगायच्या. कॅमेरा समोर चालू होता, मी पाहिलं आहे. दोन महिन्यांनी पेन ड्राइव्ह आला. चार मिनिटांची एक फिल्म, चाळीस मिनिटांची दुसरी. आजी त्यात सगळी मिळून सहा-सात सेकंद. ओठ हलतात, आणि वर सिनेमाचं गाणं वाजतंय.

आजी 2021 मध्ये गेली. तेव्हा मी त्या स्टुडिओत गेलो. 'मूळ शूटिंग असेल ना?' तो म्हणाला, 'साहेब, रॉ डेटा तीन महिन्यांनी पुसतो, तुम्ही मागितला नव्हता.' खोटं बोलला नाही तो. कागदावर तसं लिहिलेलं होतं, इंग्रजीत, अगदी खाली. राग आला, पण त्याचा की माझा, ते आजही ठरत नाही.

तर मंडळी, हे शब्द नीट समजून घ्या. ट्रॅडिशनल म्हणजे पूर्वीचं शूटिंग : देवक, हळद, परण्या, अक्षता, आहेर, पाठवणी, सगळं क्रमानं आणि लांबलचक. कंटाळवाणं म्हणून पोरं नाकं मुरडतात, पण माणसं आणि त्यांचे आवाज यातच राहतात. कँडिड म्हणजे 'इकडं बघा' न म्हणता टिपलेलं. सिनेमॅटिक म्हणजे वेचून, कापून, संगीतावर बसवलेली फिल्म. त्यात हळू चालीची दृश्यं पुष्कळ. सेकंदाला 50 चित्रं घ्यायची आणि 25 नं दाखवायची, की चाल निम्मी होते. पण आवाज तसा ताणला तर ऐकवत नाही, म्हणून तो काढून वर गाणं घालतात. आमच्या ओव्या अशा गेल्या. टीझर मिनिटाभराचा, हायलाइट तीन-पाच मिनिटांचा. दोन्ही मोबाईलवर पाठवायला छान.

फोर के म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचं चित्र. घरचा टीव्ही 32 इंची एचडी रेडी असेल तर त्यावर तो फरक दिसायचा नाही. त्यासाठी जादा पैसे मागत असतील तर विचार करा. ड्रोन आवाज टिपत नाही, स्वतः मात्र भरपूर करतो, मंगलाष्टकांच्या वेळी तर नकोच. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे 250 ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडवणाऱ्याकडं रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं, ते दाखव म्हणा. 'दोन कॅमेरे' असं लिहिलं असेल तर विचारा, दोन्ही व्हिडिओचे की एक फोटोचा? 'एक दिवस' म्हणजे किती तास? अल्बमची 40 पानं की 40 शीट? एका शीटची दोन पानं होतात, सगळा फरक तिथंच पडतो.

आणि रॉ डेटा, म्हणजे कापाकापीच्या आधीचं सगळं मूळ शूटिंग. हे शूटिंगवाले पुसतात, त्यालाही कारण आहे. सेकंदाला 100 मेगाबिटवर चालणारा कॅमेरा तासाला 45 जीबी जागा खातो. दोन कॅमेरे आठ तास चालले की 700 जीबीच्या वर. लग्नसराईत एवढं सांभाळणं त्यालाही परवडत नाही. म्हणून 1 टीबीची हार्ड डिस्क तुम्हीच विकत घ्या, त्याला द्या, आणि शेवटचा हप्ता ती भरून हातात आल्यावरच द्या. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या 17 व्या कलमाप्रमाणं, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटो-फिल्मचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाराच असतो. पण पुसलेल्यावर मालकी सांगून काय करणार? (आमच्या काकाच्या लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटला बुरशी लागली आहे, आणि त्या बुरशीवर माझ्याकडं औषध नाही. तेव्हा हार्ड डिस्कचीही दुसरी प्रत करून ठेवा.)

त्या साडेआठ क्विंटलवाल्या शेतकऱ्याबरोबर मी पारावर बसलो आणि त्याच्याच फोनवरून शूटिंगवाल्याशी बोललो. पोरगा चांगला निघाला. दहा मिनिटांत सगळं सांगितलं, ड्रोन वगळला, त्या पैशात फुल लेंग्थ मूळ आवाजासह द्यायचं कबूल केलं. मग शेतकऱ्यानं माझा पेन घेतला आणि कागदाच्या खाली मराठीत, ठळक अक्षरात लिहिलं : 'बाया जात्यावर गातील तेव्हा वर गाणं टाकायचं नाही.' शूटिंगवाल्यानं दुसऱ्या दिवशी येऊन त्यावर सही केली.