पाठीमागचा पंखा आणि पुराव्याची शिस्त

गुजरातेत पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी घरांत एक कथा मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी, १८९५ साली, शिवकर बापूजी तळपदे यांनी मुंबईच्या चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचे विमान पाऱ्याच्या शक्तीवर उडवले. ते दीड हजार फूट उंच गेले आणि तो सोहळा पाहण्यास न्यायमूर्ती रानडे व महाराज सयाजीराव गायकवाड उपस्थित होते, अशी ती कथा. बडोद्याच्या महाराजांचे नाव तिच्यात गुंफलेले असल्यामुळे सुरत-नवसारीकडील आपल्या माणसांना ती अधिकच जवळची वाटते. २०१५ साली तिच्यावर हिंदी चित्रपटही निघाला.

आपण डॉक्टर मंडळी रुग्णाने सांगितलेली हकीकत आदराने ऐकतो, परंतु तपासणीवाचून निदान लिहीत नाही. तोच न्याय या कथेला लावला तर काय दिसते? त्या उड्डाणाचे छायाचित्र नाही, मोजमाप नाही आणि त्या वेळच्या छापील बातमीचा निर्विवाद पुरावाही पुढे आलेला नाही. तळपद्यांशी ज्याचा संबंध जोडला जातो त्या ‘वैमानिकशास्त्र’ ग्रंथाची चिकित्सा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली केली. ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकातला आहे आणि त्यात वर्णिलेली याने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. तळपद्यांची जिज्ञासा व तळमळ यांविषयी आदर बाळगूनही, ‘उडाले’ हा शब्द लिहिण्यास आधार मिळत नाही, हे मान्य करावे लागते.

याच्या शेजारी दुसरी एक हकीकत ठेवून पाहावी. आल्फोन्स पेनो हा फ्रेंच नौसेनाधिकाऱ्याचा मुलगा. खुब्याच्या सांध्याच्या विकारामुळे त्याला स्वतःला नौदलात जाता आले नाही. वयाच्या एकविसाव्या वर्षी, १८ ऑगस्ट १८७१ रोजी, त्याने पॅरिसच्या त्वीलरी उद्यानात जाणकारांसमोर एक इवलेसे विमान सोडले. वजन अवघे सोळा ग्रॅम. शक्तीसाठी पीळ दिलेले रबर आणि प्रोपेलर शेपटाच्याही मागे. ते अकरा सेकंदांत सुमारे चाळीस मीटर गेले. दीड हजार फुटांपुढे हा आकडा किती किरकोळ! पण तो साक्षीदारांसमक्ष मोजलेला होता, आणि त्याच मापांचे विमान आज कोणीही बनवून पुन्हा पडताळू शकतो. किरकोळ पण पडताळता येणारे सत्य विज्ञानाला पुढे नेते. भव्य पण अपडताळ्य कथा त्याला जागच्या जागी ठेवते. पेनोच्याच धर्तीचे रबरावर उडणारे एक खेळणे १८७८ साली राइट बंधूंच्या वडिलांनी मुलांसाठी आणले होते, हे येथे विसरू नये.

पाठीमागून ढकलणाऱ्या प्रोपेलरची ही रचना, जिला ‘पुशर’ म्हणतात, पुढे बरीच वर्षे विमानविद्येची सोबतीण राहिली. १७ डिसेंबर १९०३ रोजी उडालेल्या राइट बंधूंच्या विमानाचे दोन्ही प्रोपेलर पंखांच्या मागे होते. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके याने अलाहाबादहून नैनीला सुमारे साडेसहा हजार पत्रे नेली, ती जगातील पहिली अधिकृत हवाई टपाल फेरी. त्या विमानाचे इंजिनही वैमानिकाच्या पाठीशीच होते. त्याच सुमारास इंग्लंड-अमेरिकेतील मुले इंग्रजी ‘ए’ अक्षराच्या आकाराची, दोन प्रोपेलरांची प्रतिरूपे उडवीत असत. त्या जुन्या आराखड्यांवरून विमाने बनवण्याचा छंद जगभर अद्याप जोपासला जातो. माझे मत असे की, हा छंद आपल्या सुरतेतील मराठी मुलांच्या हाती आवर्जून द्यावा.

त्याची रचना साधी, पण विचार करायला लावणारी आहे. दोन काठ्या पुढे जुळलेल्या आणि मागे फाकलेल्या. मोठा पंख मागे, छोटा पंख नाकाशी. दोन्ही काठ्यांवर रबराच्या पट्ट्या ताणलेल्या आणि प्रोपेलर परस्परविरुद्ध दिशांना फिरणारे, म्हणजे एकाचा पीळ दुसऱ्याने फिटतो आणि विमान कलंडत नाही. पुढच्या छोट्या पंखाला कोन किंचित जास्त द्यायचा. वेग मंदावला की त्याचीच उचल आधी सुटते, नाक आपोआप खाली येते आणि विमान पुन्हा वेग घेते. प्रोपेलर मागे असल्यामुळे विमान नाकावर आदळले तरी तो सहसा शाबूत राहतो. मात्र त्याच्या वजनाने गुरुत्वमध्य मागे सरकतो, म्हणून तोल काळजीपूर्वक साधावा लागतो.

साहित्य शोधायला दूर जायला नको. संक्रांतीच्या आधी सुरतेच्या पतंगबाजारात बांबूच्या उत्तम कामट्या आणि पातळ कागद मिळतो. पतंगाची कामटी दोन्ही बाजूंना सारखी वाकेपर्यंत तासणारे कारागीर येथे आहेत. विमानाच्या पंखालाही तेच कसब लागते. रबर तुटू नये म्हणून त्याला जुने छांदिष्ट मऊ साबण आणि ग्लिसरीन लावीत. ग्लिसरीन तर आपल्या दवाखान्यातच असते. शिवाय या विमानाला दोरा नाही. दर उत्तरायणात मांज्याने कापलेले गळे शिवणाऱ्या आपल्या सर्जन मित्रांना या एका गुणाचे मोल वेगळे सांगायला नको.

परंतु खरे मोल विमानात नसून ते उडवण्याच्या रीतीत आहे. पहिल्या फेकीत विमान बहुधा पडते. का पडले? नाक जड होते, की पुढच्या पंखाचा कोन कमी पडला? एका वेळी एकच बदल करायचा, रबराला दिलेले पीळ मोजायचे, सेकंद मोजायचे आणि वहीत लिहायचे. ही वही म्हणजे त्या विमानाचा केसपेपरच. बारा वर्षांची मुलगी जेव्हा ‘कोन वाढवला, चार सेकंदांची सात झाली’ असे लिहिते, तेव्हा तिला पुराव्याची सवय लागलेली असते. ही सवय व्याख्यानाने लागत नाही; हाताने लागते.

काही पालक म्हणतील, आजच्या स्पर्धेत मुलांना एवढा वेळ कुठे? आणि बाजारात तयार ड्रोन मिळत असताना ही खटपट कशाला? ड्रोनला माझा विरोध नाही. पण त्याचा तोल आत बसवलेले यंत्र सांभाळते. चुकीची शिक्षा व दुरुस्तीचा आनंद मुलाच्या वाट्याला येत नाही. वेळेविषयी म्हणाल, तर प्रवेशपरीक्षा उत्तर निवडायला शिकवतात, प्रश्न विचारायला नव्हे. उद्या हीच मुले डॉक्टर होऊन रुग्णासमोर बसतील, तेव्हा ‘मला असे वाटते’ आणि ‘मला असे आढळले’ यांतील अंतर त्यांना कळायला हवे. १९९४ च्या प्लेगच्या दिवसांत अफवा या शहरातून कशी धावली, हे ज्यांनी पाहिले त्यांना त्या अंतराची किंमत ठाऊक आहे.

अभिमानच बाळगायचा असेल तर तो बाळगण्याजोगी माणसे आपल्याकडे आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातील डॉ. विष्णू माधव घाटगे जर्मनीतील गटिंगेन येथे लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकले, भारतात परतले आणि बंगळूरला त्यांनी ‘एचटी-२’ हे प्रशिक्षण विमान रचले. १९५१ साली ते उडाले. पुढे त्यांच्या नेतृत्वाखाली रचलेले ‘किरण’ हे जेट विमान १९६४ साली आकाशात गेले. हवाई दलाचे असंख्य वैमानिक या विमानांवर शिकले. त्यासाठी पाऱ्याची गरज लागली नाही आणि दंतकथेचीही नाही. तरीही आपल्या मुलांना तळपद्यांची कथा पाठ असते आणि घाटग्यांचे नाव ठाऊक नसते, ही विसंगती मला बोचते. दंतकथा ऐकायला कष्ट पडत नाहीत, म्हणून ती टिकते. परिश्रमांचा इतिहास मात्र कोणीतरी जाणीवपूर्वक सांगावा लागतो.

म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवतो. येत्या दिवाळीच्या सुटीत मुलांसाठी दोन दिवसांची कार्यशाळा घ्यावी. कामट्या, कागद आणि रबर एवढाच खर्च. विमानतळापासून दूर असलेल्या मोकळ्या मैदानावर, वारा पडलेल्या सकाळी उड्डाणे व्हावीत. बक्षीस सर्वांत उंच उडवणाऱ्यास न देता सर्वांत प्रामाणिक वही लिहिणाऱ्यास द्यावे. त्या वह्यांतील आकडे पुढल्या स्मरणिकेत छापावेत, मग ते तीन सेकंदांचे असोत की तीसचे.