धर्माची शिकवण नको, धर्माचा अभ्यास हवा!

बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांमधून एकच चर्चा सुरू होते. मुलाला इंजिनीअरिंगला घालायचे की फार्मसीला? मुलीला नर्सिंगला पाठवायचे की बी.एड.ची वाट धरायची? पदवी हाती आली की स्पर्धा परीक्षेचा क्लास ठरलेला. या साऱ्या चर्चेत ‘तत्त्वज्ञान’ हा शब्द कुठेही ऐकू येत नाही. विद्यापीठात तत्त्वज्ञानाचा विभाग असतो, पालीचा विभाग असतो, तिथे जनतेच्या पैशाने धर्म, नीती आणि तर्क यांचा अभ्यास चालतो, हे पुष्कळांच्या गावीही नसते. एखाद्या पोराने हा विषय घेतलाच तर घरचे विचारतात, हे शिकून पोट भरणार आहे काय?

प्रश्न रास्त आहे. ज्या घरात शिकलेली जेमतेम दुसरी पिढी आहे, त्या घराने पोटाचा विचार आधी केला तर त्याला दोष देता येणार नाही. परंतु त्यापुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ज्या समाजाने विचारपूर्वक एक धर्म नाकारला आणि दुसरा स्वीकारला, त्याच समाजाने धर्माचा विचार करण्याची जागा इतरांसाठी मोकळी सोडून द्यावी काय?

जागा मोकळी सोडली की काय होते ते पाहा. भारतीय तत्त्वज्ञानाचे बहुतेक कोणतेही पाठ्यपुस्तक उघडा. पहिल्याच प्रकरणात दर्शनांची दोन गटांत वाटणी केलेली दिसेल. न्याय, वैशेषिक, सांख्य, योग, मीमांसा आणि वेदान्त ही सहा दर्शने आस्तिक. चार्वाक, जैन आणि बौद्ध ही नास्तिक. विद्यार्थ्याला वाटते, आस्तिक म्हणजे देव मानणारा. पण निरीश्वर सांख्य आणि जगाचा कर्ता ईश्वर न मानणारी मीमांसा ही दोन्ही दर्शने आस्तिकांतच बसवलेली आहेत! कारण इथे कसोटी देवाची नाही, वेदांची आहे. वेदप्रामाण्य मानणारा तो आस्तिक, नाकारणारा तो नास्तिक. म्हणजे तथागत बुद्धाची ओळख आमच्या मुलांना पहिल्याच पानावर ‘वेद न मानणारा’ अशी होते. तो काय मानतो हे पुढच्या पानांवर. मोजपट्टी कुणाची आणि मोजले कुणाला जात आहे, हे वर्गात उभे राहून कोण विचारणार? जो वर्गात आहे तोच विचारू शकेल.

आणि विचारायचे तर नुसता आवेश पुरत नाही. दिङ्नाग आणि धर्मकीर्ती या बौद्ध तार्किकांनी प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोनच प्रमाणे मानली. ग्रंथात लिहिले आहे एवढ्यावरून ते खरे ठरत नाही, अशी त्यांची भूमिका. वेदप्रामाण्य आणि जातीचा गर्व या दोहोंवर धर्मकीर्तीने सातव्या शतकात प्रहार केला. त्याच्या ‘प्रमाणवार्तिक’ या ग्रंथाच्या संस्कृत हस्तलिखितांचा शोध राहुल सांकृत्यायन यांनी १९३० च्या दशकात तिबेटात जाऊन घेतला. ही आपली वारसाहक्काची मालमत्ता आहे. पण सातबाऱ्यावर नाव असून जमीन दुसऱ्याने कसावी, तशी तिची गत झाली आहे.

काही कार्यकर्ते आम्हाला विचारतात, धर्मनिरपेक्ष राज्याच्या विद्यापीठात धर्म शिकवायचाच कशाला? वकील म्हणून या प्रश्नाचे उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे. संविधानाच्या अनुच्छेद २८ प्रमाणे संपूर्णपणे राज्याच्या निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. परंतु ७ डिसेंबर १९४८ रोजी या तरतुदीवर संविधान सभेत चर्चा झाली, तेव्हा वेद, स्मृती, उपनिषदे शिकणेही यामुळे बंद होईल काय, अशी शंका एका सदस्याने काढली. बाबासाहेबांनी फरक स्पष्ट केला. अमुक एक श्रद्धा खरी म्हणून मनावर बिंबवणे ही एक गोष्ट, आणि संशोधन वा अभ्यास ही अगदी वेगळी गोष्ट. बंदी पहिल्या गोष्टीला आहे, दुसऱ्या गोष्टीला नाही. पुढे १९७१ साली अमृतसरच्या गुरू नानक विद्यापीठासंबंधीच्या खटल्यात, आणि २००२ साली शालेय अभ्यासक्रमाबाबतच्या अरुणा रॉय खटल्यात, सर्वोच्च न्यायालयानेही हाच फरक मान्य केला. याचा अर्थ विद्यापीठात धर्म हा चिकित्सेचा विषय म्हणून यावा, भक्तीचा म्हणून नव्हे.

हीच रेषा पुसण्याचे काम चालले आहे, हे समाजाने ओळखले पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाने फलज्योतिषाचे अभ्यासक्रम आणले, त्याला शास्त्रज्ञांनी आव्हान दिले. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेपास नकार दिला. २०२१ साली इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने ज्योतिषात एम.ए. सुरू केले. २०१९ साली बनारस हिंदू विद्यापीठात संस्कृत शिकवण्यासाठी एका मुस्लिम अध्यापकाची नेमणूक झाली, तेव्हा विद्यार्थी धरणे धरून बसले आणि त्या अध्यापकाला दुसऱ्या विद्याशाखेत जावे लागले. शाळेत असताना बाबासाहेबांना संस्कृत नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. शतक उलटले तरी, जन्मावरून ज्ञानाचा अधिकार ठरवण्याची खोड गेलेली नाही! २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर ‘भारतीय ज्ञान प्रणाली’ हा विषय पदवीच्या अभ्यासक्रमात आला आहे. या प्रणालीत धर्मकीर्ती असणार की केवळ ऋषिमुनी, हे ठरवणाऱ्या टेबलाशी आपले कोण बसले आहे?

मात्र जी मोजपट्टी आम्ही दुसऱ्यांना लावतो, तीच आपल्यालाही लागू आहे. पाली विभाग म्हणजे विहार नव्हे. वंदना विहारात घ्यावी. विभागात त्रिपिटक उघडावे, पाठभेद तपासावेत, थेरवाद आणि महायान यांतले वाद समजून घ्यावेत. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ हा ग्रंथ डोक्यावर घेऊन मिरवणारे पुष्कळ आहेत. पण याच ग्रंथाच्या प्रास्ताविकात बाबासाहेबांनी परिव्रज्या, चार आर्यसत्ये, कर्म व पुनर्जन्म आणि भिक्खू संघ यांविषयी चार प्रश्न स्वतः उभे केले आहेत. ज्याने प्रश्नांनी ग्रंथाची सुरुवात केली, त्याच्या ग्रंथाला प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याला समाजद्रोही ठरवणे हा बाबासाहेबांचाच अवमान आहे. बौद्ध नसलेला विद्यार्थी वा अध्यापक पाली विभागात आला तर त्याचे स्वागतच व्हायला हवे. बनारसची चूक आपण नागपूर-औरंगाबादेत करायची नाही.

आता पोटाचा प्रश्न. संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत तत्त्वज्ञान हा वैकल्पिक विषय आहे. त्यात बौद्ध दर्शन आहे आणि जातिभेदाच्या संदर्भात गांधी-आंबेडकर हा घटकही आहे. ‘नेट’ परीक्षेत तत्त्वज्ञान, पाली आणि बौद्ध अभ्यासाशी संबंधित स्वतंत्र विषय आहेत. पण खोटी आशा दाखवणे आम्हाला मान्य नाही. प्राध्यापकांच्या जागा रिक्त ठेवून तासिका तत्त्वावर तुटपुंज्या मानधनात काम करून घेतले जाते, हे उघड सत्य आहे. २०१३ साली लोकसेवा आयोगाच्या वैकल्पिक विषयांतून पाली वगळण्यात आली. २०२४ साली त्याच पालीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. मानाचा दागिना दिला, पण ताटातली भाकरी आधीच काढून घेतली! म्हणून जागा भरण्याची आणि पाली परत आणण्याची मागणी ही तत्त्वज्ञान शिकण्याच्या मागणीचाच भाग आहे.

मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून पोचिराम कांबळे, गौतम वाघमारे यांच्यासारख्या भीमसैनिकांनी प्राण दिले. सोळा वर्षांच्या लढ्यानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. प्रवेशद्वारावर नाव लागले. आता आत काय शिकवले जाते, तिकडे लक्ष देण्याची वेळ आहे. अभ्यासक्रम मोर्चात ठरत नाही. तो अभ्यास मंडळात लिहिला जातो आणि विद्या परिषदेत मंजूर होतो. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांना दहा जागा दिल्या आहेत. त्यांतील एक अनुसूचित जातीसाठी राखीव आहे. आपल्यातील किती पदवीधरांनी मतदार म्हणून नाव नोंदवले आहे?

आमची समाजबांधवांना विनंती आहे. पदवीधर असाल तर नाव नोंदवा. जयंतीच्या वर्गणीतून काही भाग बाजूला काढून प्रत्येक तालुक्यातून एका तरी मुलाला वा मुलीला तत्त्वज्ञान किंवा पाली घेऊन एम.ए. करू द्या, दोन वर्षांची खोली, खाणावळ आणि पुस्तके यांचा भार मंडळाने उचलावा. डीजेच्या एका रात्रीच्या खर्चात हे सहज बसते. उद्या त्या वर्गात ‘नास्तिक’ हा शब्द फळ्यावर लिहिला जाईल, तेव्हा हात वर करून ‘कुणाच्या मोजपट्टीने?’ असे विचारणारे आपले एक लेकरू तिथे बसलेले असले पाहिजे.