आधी किर्द, मग खतावणी

दुकानासाठी किंवा कारखान्यासाठी संगणकाची प्रणाली बनवून घ्यायची म्हटली की प्रोग्रामर मंडळी पहिल्याच बैठकीत याद्या मागतात. गिऱ्हाइके किती, माल किती प्रकारचा, भाव काय. आपणही खूश होऊन याद्या देतो. माझ्या मते चूक तिथेच होते.

यादीपासून सुरुवात करण्याची रीत जुनी आहे आणि वाईटही नाही. पीटर चेन यांनी १९७६ साली वस्तू व त्यांचे परस्परसंबंध यांची आकृती काढून आराखडा करण्याची पद्धत मांडली. दुसरी रीत, माणूस प्रणालीकडून कोणते काम करून घेणार तिथून निघते. इव्हार जेकबसन यांच्या १९९२ च्या पुस्तकाने ती दूरवर पोचवली. हार्डवेअरच्या दुकानात हजारो नग आणि व्यवहार एकच, माल दिला व पैसे घेतले. तिथे यादी आधी केली तरी बिघडत नाही.

पण भिवंडी-मालेगावचा यंत्रमाग घ्या. व्यापारी सूत देतो, कारखानदार कापड विणून ताके परत करतो आणि मजुरी घेतो. यादीवरून बनवलेल्या प्रणालीत सूत एकदा ‘शिल्लक माल’ या रकान्यात पडले की ते कारखानदाराचेच दिसू लागते. मालक तर व्यापारी आहे! उद्या त्याच व्यापाऱ्याकडून कारखानदाराने थोडे सूत विकत घेतले, तर हा इसम गिऱ्हाईक की पुरवठादार? दोन खाती उघडतात आणि हिशेब जुळता जुळत नाही.

त्यात २०१७ पासून जीएसटी. नोंदणीकृत व्यापाऱ्याने जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल साधारणपणे वर्षभरात परत यावा लागतो. नाही तर पाठवल्या दिवशीच पुरवठा झाला असे धरतात. म्हणजे कोणत्या चलानाचे सूत कोणत्या तारखेला गेले, हे हवे. नुसता शिल्लक आकडा काय कामाचा?

आपले जुने मुनीम हे जाणत होते. दिवसाचा व्यवहार घडला तसा आधी किर्दीत उतरवायचा, खतावणी नंतर. नाव आले म्हणून खाते उघडायचे. प्रणालीही तशीच आखावी : सूत आले, बीम चढला, ताके गेले, घट धरली, मजुरी मिळाली. एकेका घटनेत काय लिहावे लागते ते पाहिले की याद्या आपोआप निघतात, आणि नको त्या निघतच नाहीत.

तेव्हा प्रोग्रामर आला तर मागील महिन्याची चलाने त्याच्यापुढे ठेवा. फाटकी, खाडाखोड केलेलीसुद्धा. खरी गोम खाडाखोडीतच असते. चार चलानांवर तो गोंधळला, तर पैसे ठरवण्याआधीच कळेल.